विश्लेषण: घरच्या सॉनाचा हीटर 'मेड इन यूएसए' असला म्हणजे तो कोडमध्ये बसतो का?

तळघराच्या कोपऱ्यात सीडरच्या फळ्यांची छोटी खोली, आत दोन पायऱ्यांचा बाक आणि एका बाजूला दगडांनी भरलेला हीटर. अमेरिकेत घरात सॉना करून घ्यायची हौस जुनी आहे, पण इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंमुळे आता ती थंड राज्यांपुरती राहिलेली नाही. तिथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांतही तळघराचं काम निघालं की 'सॉना करून टाकूया का?' हा विषय निघू शकतो.

मग हीटर शोधायला सुरुवात होते. एका जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं. दुसरा हीटर फिनलंडचा, तिसरा चिनी आणि निम्म्या किमतीचा. साहजिकच वाटतं की अमेरिकेत बनलेला हीटर अमेरिकेच्या बांधकाम नियमांत आपोआप बसत असणार. इथेच अनेकांची गल्लत होते. घर तपासायला येणारा इन्स्पेक्टर हीटर कुठल्या देशात बनला हे विचारतच नाही. तो हीटरवरची छोटी धातूची पट्टी शोधतो आणि त्यावर कोणाचा शिक्का आहे ते बघतो. शिक्का नसेल तर मिनेसोटात बनलेला हीटरही नापास होऊ शकतो, आणि असेल तर फिनलंडचा हीटर पास होतो.

हे असं का, आणि हीटर घेण्याआधी नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊया.

सॉना हीटर साध्या हीटरपेक्षा वेगळा कसा?

सॉना म्हणजे स्टीम बाथ नव्हे. स्टीम बाथमध्ये तापमान साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि खोली वाफेने भरलेली असते. सॉनात हवा कोरडी आणि ८० ते ९० अंशांपर्यंत तापलेली असते. हीटरच्या कॉइलभोवती दगड रचलेले असतात. त्यांवर थोडं थोडं पाणी टाकलं की वाफेची एक गरम लाट अंगावर येते. फिनिश भाषेत तिला 'लोयली' म्हणतात, आणि फिनिश माणसाच्या मते तिच्याशिवाय सॉना नाहीच. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या घरात आहे आणि तिथे सॉना आहेत सुमारे ३३ लाख. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉना संस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. अमेरिकेत ही पद्धत रुजली ती मुख्यतः फिनिश स्थलांतरितांमुळे. मिशिगनच्या उत्तर भागातल्या खाणी आणि मिनेसोटाची जंगलं इथे ते मोठ्या संख्येने आले होते.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. लाकडाची बंद खोली. त्यात पाच-सहा किलोवॉटचं उपकरण. वर उघडे तापलेले दगड. त्यांवर मुद्दाम पाणी टाकलं जाणार. आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगावर फार तर एक टॉवेल. वीज, पाणी, लाकूड आणि उघडी त्वचा इतकी जवळ आणणारं दुसरं घरगुती उपकरण सापडणं कठीण. म्हणूनच या हीटरसाठी स्वतंत्र नियम आहेत.

नियम नक्की कोणाचे?

अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू असा एकच सरकारी बांधकाम कायदा नाही. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था नमुना नियम तयार करते आणि राज्यं, काउंटी किंवा शहरं ते थोडे फेरफार करून स्वीकारतात. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी जी नियमावली आहे तिचं नाव इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे आयआरसी. न्यू जर्सीत ती राज्याच्या युनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोडचा भाग म्हणून लागू होते. विजेसाठी नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आहे. तो नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन दर तीन वर्षांनी नव्याने काढते आणि त्याची पहिली आवृत्ती १८९७ ची आहे.

आयआरसीमध्ये सॉना हीटरसाठी एक छोटा विभाग आहे, एम १९०२. छोटा असला तरी घरमालकासाठी तोच कळीचा. त्यात सांगितलंय की हीटरला चुकून हात लागू नये म्हणून लाकडासारख्या उष्णता कमी वाहणाऱ्या वस्तूचं कुंपण हवं. हीटर निर्मात्याच्या सूचनेप्रमाणेच बसवला पाहिजे. त्याला थर्मोस्टॅट हवा आणि त्याने खोलीचं तापमान १९४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देता कामा नये. थर्मोस्टॅट हीटरमध्येच नसेल तर त्याचा सेन्सर छतापासून ६ इंचांच्या आत बसवायचा. आणि इलेक्ट्रिक हीटर 'यूएल ८७५' या मानकाप्रमाणे असला पाहिजे.

सगळा खेळ या शेवटच्या वाक्यात आहे.

यूएल म्हणजे अंडररायटर्स लॅबोरेटरीज. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विजेचे दिवे मोठ्या प्रमाणावर लागले आणि त्यांच्यासोबत आगीची भीतीही आली. प्रदर्शनाच्या काळात विमा कंपन्यांसाठी विजेच्या जोडण्या तपासायला विल्यम हेन्री मेरिल हा तरुण इंजिनिअर आला होता. १८९४ मध्ये त्याने ही प्रयोगशाळा सुरू केली. आज यूएल मानकं लिहिते आणि उपकरणांची चाचणीही करते. त्यातलं ८७५ क्रमांकाचं मानक 'इलेक्ट्रिक ड्राय-बाथ हीटर' या प्रकारासाठी आहे. सॉना हीटर याच प्रकारात मोडतो.

नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या भाषेत असं तपासलेलं उपकरण 'लिस्टेड' असतं. म्हणजे एका स्वतंत्र प्रयोगशाळेने त्याची चाचणी घेतलेली असते, आपल्या यादीत त्याचं नाव घातलेलं असतं आणि कारखान्यातलं उत्पादन ती वेळोवेळी तपासत असते. अशा प्रयोगशाळांना अमेरिकेची कामगार सुरक्षा यंत्रणा ओशा मान्यता देते. यूएलचा शिक्का हा त्यांतला फक्त एक. इंटरटेकचा 'ईटीएल', 'सीएसए' आणि 'एमईटी' हे शिक्केही तितकेच चालतात. चाचणी यूएल ८७५ प्रमाणे झालेली असली म्हणजे झालं.

मग 'मेड इन यूएसए' म्हणजे काय?

तोही खोटा दावा नाही, पण त्याचा सुरक्षेशी संबंध नाही. हा शब्द कधी वापरायचा हे फेडरल ट्रेड कमिशन ठरवते. २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार कोणतीही अट न घालता 'मेड इन यूएसए' लिहायचं असेल तर वस्तू पूर्णपणे किंवा जवळपास पूर्णपणे अमेरिकेत बनलेली हवी. भाग बाहेरून आणून इथे जोडले असतील तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. हा ग्राहकाची फसवणूक टाळण्याचा नियम आहे. कॉइलवर पाणी पडल्यावर काय होतं हे तो तपासत नाही.

शिवाय सॉनाच्या धंद्यात 'देशी' कोणाला म्हणायचं हेही सोपं राहिलेलं नाही. मिनेसोटातल्या कोकॅटो गावची फिनलिओ ही कंपनी घ्या. नाव फिनिश वळणाचं, ब्रँड अमेरिकन. तिची मूळ कंपनी सॉना३६० स्वीडनच्या टायलो आणि फिनलंडच्या हेलोचीही मालक. आणि २०२३ मध्ये ही सॉना३६० विकत घेतली मिशिगनच्या मॅस्को कॉर्पोरेशनने. उलट बाजूने, वेस्ट व्हर्जिनियात पिंपाच्या आकाराचे सॉना बनवणारी ऑलमोस्ट हेवन कंपनी फिनलंडच्या हार्वियाने घेतली. मिनेसोटातल्याच टॉवर गावात लॅम्पा मॅन्युफॅक्चरिंग 'कूमा' नावाचे लाकडावर चालणारे सॉना स्टोव्ह बनवते, ते मात्र अस्सल स्थानिक.

देशी माल घ्यायची कारणं आहेत आणि ती चांगलीही असू शकतात. सुटे भाग लवकर मिळतात, फोनवर बोलायला माणूस मिळतो, आयात शुल्काची भानगड नसते. पण कोडचा प्रश्न सुटतो तो लिस्टिंगने.

पट्टी कशी वाचायची?

विक्रेते इथे शब्दांचे खेळ करतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

शिक्क्याच्या वर्तुळाबाहेर डावीकडे छोटा 'सी' असेल तर तो कॅनडासाठी, उजवीकडे 'यूएस' असेल तर अमेरिकेसाठी. दोन्ही असतील तर दोन्ही देशांसाठी. फक्त 'सी' असलेला हीटर कॅनडाच्या मानकांवर तपासलेला आहे, अमेरिकेच्या नाही.

'सीई' हे युरोपचं चिन्ह बहुतेक आयात वस्तूंवर दिसतं. बहुतेक घरगुती विद्युत उपकरणांच्या बाबतीत ते निर्माता स्वतःच जाहीर करतो. युरोपात त्याला कायदेशीर अर्थ आहे, अमेरिकन इन्स्पेक्टरसाठी नाही. याचा अर्थ तो हीटर वाईट आहे असं मुळीच नाही. फिनलंडमध्ये तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असेल. पण कागदावर तो अमेरिकेसाठी तपासलेला नाही.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे उलट्या 'आर' आणि 'यू' या अक्षरांचं जोडचिन्ह. ते सुट्या भागाचं चिन्ह आहे. म्हणजे आतला एखादा स्विच किंवा वायर तपासलेली आहे, पूर्ण हीटर नव्हे. 'यूएल मान्यताप्राप्त भागांपासून बनवलेला', 'यूएल मानकांना अनुरूप', 'यूएल पेंडिंग' या वाक्यांचाही अर्थ तोच: हीटर लिस्टेड नाही.

शंका असेल तर पट्टीवरचा फाइल क्रमांक घेऊन यूएलच्या 'प्रॉडक्ट आयक्यू' किंवा इंटरटेकच्या ऑनलाइन यादीत शोधता येतो. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून पट्टीचा फोटो मागवावा. जो विक्रेता हा फोटो पाठवायला टाळाटाळ करतो, त्याचं उत्तर मिळालेलंच आहे.

हीटर आधीच घेतला असेल आणि लिस्टेड नसेल, तर एक वाट उरते. काही प्रयोगशाळा जागेवर येऊन त्या एकाच उपकरणाची तपासणी करतात आणि पास झालं तर त्याला लेबल लावतात. याला फील्ड इव्हॅल्युएशन म्हणतात. पण हा खर्च बहुतेकदा स्वस्त हीटरमध्ये वाचलेले पैसे खाऊन टाकतो. आणि अंतिम मान्यता स्थानिक अधिकाऱ्याच्याच हातात असते.

९० अंश, ६० मिनिटं: सॉनावेड्यांची तक्रार काय?

लिस्टेड हीटरबद्दल अमेरिकेतल्या हौशी लोकांची एक तक्रार सतत ऐकू येते: 'सॉना पुरेसा तापतच नाही.' त्यात तथ्य आहे.

गरम हवा वर जाते. सेन्सर छताजवळ, बहुतेक मॉडेलांत हीटरच्याच वरच्या भागात असतो. तिथे ९० अंश झाले की हीटर बंद होतो, पण समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यापाशी त्यापेक्षा कमी असतं आणि पायांपाशी तर आणखी कमी. शिवाय अमेरिकेसाठी बनलेल्या घरगुती हीटरचा टायमर एका वेळी ६० मिनिटांपर्यंतच चालतो. मोठी खोली तापायलाच पाऊण तास लागला, तर बसल्यावर थोड्याच वेळात पुन्हा उठून टायमर फिरवा. युरोपीय मानकात घरगुती हीटरला सलग ६ तासांपर्यंत मुभा आहे. तिथे तापमानाचा विचारही वेगळ्या अंगाने केलेला आहे. चाचणीत आजूबाजूच्या भिंती आणि छताचं लाकूड १४० अंशांच्या वर जाता कामा नये, ही मर्यादा.

दोन देशांनी एकाच धोक्याकडे दोन नजरांनी बघितलं आहे. फिनलंडमध्ये सॉना कसा वापरायचा हे मूल चालायला लागल्यापासून शिकतं. अमेरिकन मानक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलंय की वापरणारा नवखा असू शकतो, हीटर चालू ठेवून तो विसरूनही जाईल. कोणतं बरोबर यावर वाद घालता येईल. पण फिनलंडमध्येही आगी लागतात, आणि तिथली अग्निशमन यंत्रणा वर्षानुवर्षं तीच गोष्ट बजावते: सॉनात कपडे वाळत घालू नका, सॉनाची अडगळीची खोली करू नका. हीटरवर टॉवेल पडला आणि हीटर चालू राहिला, आग लागायला एवढं पुरतं. मोबाइलवरून सुरू होणाऱ्या हीटरसोबत दारावर सेन्सर देतात तो यासाठीच. तयारी करून ठेवल्यावर कोणी दार उघडलं तर दुरून सुरू करण्याची आज्ञा रद्द होते, कारण आत कोणी काय ठेवून गेलं हे फोनला कळत नाही.

काही जण यावर 'जुगाड' करतात. सेन्सर काढून खाली लावायचा, त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं किंवा टायमरला बगल द्यायची. असे व्हिडिओ भरपूर आहेत. पण ज्या क्षणी हीटर निर्मात्याच्या सूचनेबाहेर बसवला जातो, त्या क्षणी त्याच्या लिस्टिंगला अर्थ उरत नाही. पुढे आग लागलीच तर विमा कंपनीचा तपासनीस हीच गोष्ट आधी शोधेल. त्यापेक्षा बाक उंच करणं, छत ७ फुटांच्या आसपास ठेवणं आणि खोलीला साजेसा हीटर घेणं हे कायदेशीरही आहे आणि उपयोगीही.

किती किलोवॉट, किती अँपिअर?

अमेरिकेत ढोबळ हिशेब असा: दर ४५ ते ५० घनफुटांना १ किलोवॉट. ६ फूट बाय ६ फूट आणि ७ फूट उंच खोली घेतली तर २५२ घनफूट होतात. म्हणजे ५ ते ६ किलोवॉटचा हीटर. काचेचं मोठं दार किंवा दगडी भिंत असेल तर हिशेब वाढतो.

भारतात घरातल्या प्रत्येक सॉकेटला २३० व्होल्ट असतात. अमेरिकेत साध्या सॉकेटला १२० च. त्यामुळे अगदी छोटे हीटर सोडले तर सॉनासाठी मुख्य पॅनेलमधून २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन ओढावी लागते. ६ किलोवॉटला २४० ने भागलं की २५ अँपिअर. बराच वेळ चालणाऱ्या हीटिंगच्या भारासाठी २५ टक्के वाढवून धरायची पद्धत आहे, म्हणजे ३१.२५. त्यामुळे ३० चा ब्रेकर अपुरा पडतो आणि इलेक्ट्रिशियन बरेचदा ४० चा ब्रेकर व ८ गेजची तांब्याची वायर सुचवतो. मात्र हीटरच्या पुस्तिकेत जो ब्रेकर आणि जी वायर लिहिली आहे तीच अंतिम. हीटरपाशी येणारी वायर किती तापमान सोसणारी हवी हेही पुस्तिका सांगते.

युरोपातून स्वस्तात हीटर मागवणाऱ्यांसाठी इथे एक अडचण आहे. फिनलंडमध्ये घरोघरी थ्री-फेज वीज असते आणि तिथले ६ किलोवॉटचे हीटर बहुतेकदा तीन फेजवर वाटलेले असतात. अमेरिकन घरात तीन फेज नसतात. आणि २३० व्होल्टसाठी बनवलेली कॉइल २४० वर चालवली तर वीज जवळपास ९ टक्के जास्त खेचली जाते. ६ चे ६.५ किलोवॉट होतात. म्हणून युरोपीय कंपन्याही अमेरिकेसाठी वेगळं मॉडेल काढतात. नाव तेच, पट्टी वेगळी.

एक बारकावा अर्थिंगच्या गळतीचा. हीटरच्या कॉइलमध्ये भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतला ओलावा शोषते. बरेच दिवस बंद असलेला हीटर चालू केला की थोडी गळती होते आणि संवेदनशील सर्किट ब्रेकर ट्रिप होतो. त्यामुळेच आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकात सॉनातल्या बाकीच्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचं संरक्षण सक्तीचं आहे, पण हीटरला त्यातून सूट आहे. अमेरिकेतही या बाबतीत निर्मात्याची सूचना आणि स्थानिक नियम दोन्ही बघावे लागतात. ब्रेकर सारखा पडतोय म्हणून स्वतःच बदलणं हा पर्याय नव्हे.

हीटर पास झाला, खोलीचं काय?

खोलीतही अडकायला जागा आहेत. दार काचेचं असेल तर काच टेम्पर्ड, म्हणजे फुटली तरी बारीक बोथट तुकडे होणारी हवी. सॉनाच्या भिंतीतल्या खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ६० इंचांच्या आत येत असेल, तर तिलाही बहुतेक ठिकाणी हाच नियम. दार बाहेर उघडणारं आणि कडी नसलेलं असावं असं जवळपास प्रत्येक पुस्तिका सांगते. आत चक्कर आलेला माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही.

फोमचा मुद्दा अनेकांना ऐनवेळी कळतो. यूट्यूबवर भिंतीत फॉइल लावलेल्या पॉलिआयसो फोमच्या शीट बसवून त्यावर थेट सीडरच्या फळ्या ठोकताना दाखवतात. आयआरसीनुसार घराच्या आतल्या बाजूला फोम असेल तर त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा तितकंच आग रोखणारं आवरण लागतं. सॉनाच्या पातळ फळ्या त्यात बसत नाहीत. त्यापेक्षा मिनरल वूल भरून त्यावर फॉइल लावलं तर हा वादच येत नाही.

हीटर आणि लाकूड यांच्यातलं अंतर हा इंच-इंचाचा विषय आहे. पुस्तिकेत बाजूला ४ इंच लिहिले असतील तर ३ चालत नाहीत. कारण असं की वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून बदलतं आणि ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेटू शकतं. पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही, म्हणजे दहाव्यातही होणार नाही असं नाही.

घरी वेल्डिंग करून बनवलेला स्टोव्ह चालतो का?

अंगणातल्या सॉनासाठी जुन्या लोखंडी पिंपाचा किंवा गॅसच्या टाकीचा स्टोव्ह बनवणारे हौशी लोक ग्रामीण अमेरिकेत आहेत. यूएल ८७५ विजेच्या हीटरसाठी असल्याने लाकडाच्या स्टोव्हला ते लागू होत नाही. तिथे चिमणी आणि घन इंधनाच्या उपकरणांचं एनएफपीए २११ हे मानक कामाला येतं. लिस्टेड नसलेल्या स्टोव्हपासून जळाऊ भिंतीपर्यंत ३६ इंच अंतर हवं. भिंतीपासून एक इंच हवेची फट सोडून पत्र्याची ढाल लावली तर ते १२ इंचांपर्यंत आणता येतं. छोट्या सॉनात चारी बाजूंना ३६ इंच सोडायचे म्हटलं तर बसायला जागाच उरत नाही. शिवाय अनेक शहरं लिस्टेड नसलेला लाकडी स्टोव्ह मुळातच नाकारतात. कारखान्यात बनलेल्या, तपासलेल्या स्टोव्हला भाव मिळतो तो यामुळे. त्याच्या पट्टीवर कमी अंतर लिहिलेलं असतं आणि इन्स्पेक्टर ते मानतो.

परमिट कधी घ्यायचं?

फळ्या ठोकण्याआधी. हे वेगळं सांगावं लागतं, कारण बरेच जण उलट करतात. इलेक्ट्रिकल परमिट काढलं की इन्स्पेक्टर साधारण दोनदा येतो. एकदा वायर ओढून झाल्यावर, भिंत उघडी असताना. दुसऱ्यांदा सगळं पूर्ण झाल्यावर. भिंत आधीच बंद केली असेल तर तो फळ्या काढायला सांगू शकतो आणि सीडर स्वस्त नाही.

अंगणातल्या छोट्या शेडला परमिट लागत नाही, हे अर्धसत्य आहे. आयआरसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत २०० चौरस फुटांपर्यंतच्या स्वतंत्र शेडला बांधकाम परवान्यातून सूट आहे आणि अनेक शहरांनी ती १२० वरच ठेवली आहे. पण ही सूट बांधकामाची. त्यात वीज नेली की इलेक्ट्रिकल परमिट लागतंच. शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर आणि सोसायटीचे म्हणजे एचओएचे नियम आणखी वेगळे.

महाराष्ट्रात हेच करायचं असेल तर?

यूएलची पट्टी इथे कोणी मागणार नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे युरोपीय मॉडेल विजेच्या दृष्टीने चालतं आणि अमेरिकन मॉडेल कमी तापतं. पण फ्लॅटमध्ये पहिला अडथळा वीजबिलावरच छापलेला असतो: मंजूर भार. त्यात ६ किलोवॉटचा हीटर बसत नसेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा लागतो. सोबत सोसायटीची परवानगी, आणि बाथरूमशेजारच्या भिंतीत बदल करायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्लाही लागतो. इथेही विक्रेता 'देशी बनावटीचा, आयएसआय' म्हणत असेल तर त्या चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकून बघता येतो. परवाना कोणत्या वस्तूसाठी आहे तेही तिथे दिसतं. तो संपूर्ण हीटरचा असेल आणि आतल्या वायरचा नसेल, तरच पुढची बोलणी करावी.